भोर–वेल्ह्यातील तांदळाची पुरवठा साखळी : हरित तंत्रज्ञान आणि शाश्वतता

सारांश

पुरवठा साखळीतील शाश्वततेचा विचार बहुधा कारखाना, वेष्टन आणि वाहतूक या टप्प्यांपुरता केला जातो. प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे या तालुक्यांत पिकणाऱ्या तांदळाची साखळी राबापासून ग्राहकाच्या पिशवीपर्यंत तपासली आहे. प्रत्येक कडीवर कोणते हरित तंत्रज्ञान उपलब्ध आहे, त्याने नेमके काय साधते आणि त्याचा खर्च कोणावर पडतो, या तीन प्रश्नांची उत्तरे येथे शोधली आहेत. या साखळीचा पर्यावरणीय भार प्रामुख्याने खाचरात आणि गिरणीत ठरतो, वाहतुकीचा वाटा तुलनेने फार लहान आहे, असे ढोबळ गणितावरून दिसते. म्हणून हरित सुधारणेचा खर्चही साखळीच्या शेवटाकडून सुरुवातीकडे, म्हणजे शेतकऱ्याकडे, परत आला पाहिजे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

महत्त्वाचे शब्द : पुरवठा साखळी, हरित तंत्रज्ञान, भातशेती, राब, चारसूत्री, मिथेन, भात गिरण.

१. प्रस्तावना

'हरित' हा शब्द आज व्यापाराच्या भाषेत रूढ झाला आहे. सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून व्यवसाय उत्तरदायित्व व शाश्वतता अहवाल देणे बंधनकारक केले. आपल्या आवाराबाहेर, म्हणजे कच्चा माल पुरवणाऱ्यांकडे आणि माल वाहून नेणाऱ्यांकडे, होणाऱ्या उत्सर्जनाचा हिशेब मांडण्याची पद्धतही जगभर रुजू लागली आहे. वाणिज्य आणि व्यवस्थापन या विषयांच्या अभ्यासक्रमांत 'हरित पुरवठा साखळी' हे प्रकरण समाविष्ट झाले आहे. मात्र त्यातील उदाहरणे बहुधा मोटारी, संगणक किंवा तयार कपडे यांच्या उद्योगांतील असतात. विद्यार्थ्यांच्या घरी रोज शिजणाऱ्या भाताची साखळी त्यांत क्वचितच आढळते.

ही उणीव लक्षात घेऊन भोर व वेल्हे या तालुक्यांतील तांदूळ हा विषय येथे निवडला आहे. (वेल्हे तालुक्याचे नाव 'राजगड' करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये घेतला. प्रस्तुत लेखात लोकांच्या तोंडी असलेले जुने नावच वापरले आहे.) ही साखळी लांबीने लहान आहे. शेत आणि पुण्याची बाजारपेठ यांच्यात ढोबळमानाने ५० ते ६० किलोमीटरचे अंतर आहे. साखळी लहान असल्यामुळे तिची प्रत्येक कडी स्वतंत्रपणे पाहता येते, हा अभ्यासाच्या दृष्टीने मोठाच लाभ होय. प्रस्तुत लेख विवेचनात्मक आहे. त्यातील आकडेमोड आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य असलेल्या सरासरी गुणकांवर आधारलेली आहे आणि तिचा हेतू कड्यांची आपसांत तुलना करणे एवढाच आहे.

२. संकल्पनांचे स्पष्टीकरण

पुरवठा साखळी म्हणजे एखादी वस्तू निर्माण होऊन ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत माल, पैसा आणि माहिती यांचा होणारा प्रवाह. माल साखळीच्या आरंभाकडून शेवटाकडे जातो, तर पैसा शेवटाकडून आरंभाकडे येतो. माहितीचा प्रवाह दोन्ही दिशांनी अपेक्षित असतो, प्रत्यक्षात मात्र तो बहुधा मध्येच खंडित होतो. शाश्वततेची सर्वपरिचित व्याख्या १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालातून आली. पुढील पिढ्यांच्या गरजा भागवण्याची क्षमता धोक्यात न आणता आजच्या गरजा भागवणे, असा तिचा आशय आहे. या दोन संकल्पना एकत्र केल्या, तर शाश्वत पुरवठा साखळी म्हणजे जमीन, पाणी, झाडे आणि माणसाचे श्रम यांची झीज न होता अखंड चालू राहणारी साखळी, असे म्हणता येईल.

हरित तंत्रज्ञान हे अशा साखळीचे साधन आहे. ते महागडे किंवा परदेशी असावे लागत नाही. भाताचे तूस जाळून केलेली काळी राख, मातीत खोल खोचलेली खताची गोळी आणि गिरणीतील रबरी रूळ हीदेखील हरित तंत्रज्ञानेच आहेत.

३. प्रदेश आणि साखळीच्या कड्या

भोर व वेल्हे हा सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील मावळ प्रदेश होय. राजगड, तोरणा आणि रायरेश्वर यांच्या कुशीतील या खोऱ्यांत पश्चिमेकडे पाऊस अतिशय जास्त आणि पूर्वेकडे झपाट्याने कमी होत जाणारा असा आहे. डोंगरउतारावर बांध घालून पायऱ्यापायऱ्यांची खाचरे तयार केलेली आहेत. पश्चिम भागात खरिपाचे भात हेच मुख्य पीक आहे.

हा प्रदेश पाण्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. वेळवंडी नदीवरील भाटघर धरण १९२८ मध्ये पूर्ण झाले. नीरा-देवघर धरणही भोर तालुक्यातच आहे. वेल्हे तालुक्यात पानशेत, वरसगाव आणि गुंजवणी ही धरणे आहेत. पानशेत व वरसगाव यांचे पाणी खडकवासल्यामार्गे पुणे शहराला मिळते, तर भाटघर व नीरा-देवघर यांचे पाणी नीरा खोऱ्यातील शेतीकडे जाते. त्यामुळे या खाचरांतून वाहून जाणारी माती आणि युरिया यांचा संबंध केवळ त्या शेतकऱ्याशी राहत नाही. तांदूळ आणि पाणी या दोन्हींचे उगमस्थान एकच आहे, हे येथे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

या भागात लोकप्रिय असलेला इंद्रायणी हा वाण वडगाव मावळ येथील भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून विकसित केला आणि १९८७ मध्ये प्रसारित केला. आंबेमोहोराचा सुवास आणि आयआर-८ ची उत्पादनक्षमता यांचा हा मेळ पुण्याच्या ग्राहकाच्या पसंतीस उतरला. शेजारच्या मुळशी तालुक्यातील आंबेमोहोर तांदळास भौगोलिक निर्देशांकही मिळालेला आहे.

या साखळीच्या प्रमुख कड्या चार : रोपवाटिका, खाचर, गिरण, आणि वाहतूक–साठवण–विक्री. आता त्यांचा क्रमाने विचार करू.

४. पहिली कडी : राब

मावळ आणि कोकण या भागांत रोपे तयार करण्यापूर्वी राब भाजण्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. रोपवाटिकेच्या जागेवर शेण, झाडांचे तोडलेले टहाळे, पालापाचोळा आणि गवत यांचे थर देऊन वर माती पसरतात व उन्हाळ्याच्या अखेरीस हा राब पेटवतात. त्यामुळे तणाचे बी जळून जाते, राखेतून पोषकद्रव्ये मिळतात, माती भुसभुशीत होते आणि रोपे उपटताना त्यांची मुळे तुटत नाहीत. ही पद्धत अज्ञानातून आलेली नाही. १८८५ मध्ये नेमलेल्या मुंबई वन आयोगापुढे ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील राबाचा प्रश्न वादाचा झाला होता. डॉ. जॉन ऑगस्टस व्होएल्कर यांच्या भारतीय शेतीच्या सुधारणेविषयीच्या १८९३ च्या अहवालातही राबाची चर्चा आहे. पर्याय हाती न देता ही पद्धत केवळ बंद करावी म्हणणे किती निरर्थक आहे, हे त्या काळीही दिसून आले होते.

तथापि राबाची किंमत मोठी आहे. दरवर्षी टहाळे छाटल्याने झाडांची वाढ खुंटते. खत म्हणून शेतात जाऊ शकणारे शेण जळून जाते व त्यातील नत्राचा बहुतांश हवेत नाहीसा होतो. टहाळे व पाला डोक्यावरून वाहून आणण्याचे कष्ट घरातील माणसांना, विशेषतः स्त्रियांना, करावे लागतात.

या प्रश्नाला उत्तर देणारे तंत्र म्हणजे डॉ. ना. कृ. सावंत यांनी विकसित केलेली चारसूत्री भातशेती. तिचे पहिले सूत्र भाताच्या अवशेषांचा फेरवापर हे आहे. गादीवाफ्यावर दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो या प्रमाणात भाताच्या तुसाची काळी राख मिसळली जाते. तुसाच्या राखेत सिलिका विपुल असते. ती रोपाच्या पेशीभित्तिकांत साठून खोड ताठ करते आणि कीड–रोगांना काही प्रमाणात प्रतिकार करते. जे गिरणीतून बाहेर टाकले जाते, तेच रोपवाटिकेत परत येते. साखळीचे शेवटचे टोक पहिल्या टोकाला जोडण्याचा हा अतिशय साधा मार्ग आहे.

मात्र येथे थोडी आकडेमोड करणे इष्ट ठरेल. एक हेक्टर लावणीसाठी सुमारे १० गुंठे, म्हणजे १,००० चौरस मीटर, रोपवाटिका लागते. अर्धा किलोच्या हिशेबानेही तिला ५०० किलो राख हवी. हेक्टरी ३ टन भात गृहीत धरल्यास त्यातून सुमारे ६०० किलो तूस निघते. ते पूर्ण जळाल्यास साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे १२० किलो, राख उरते. अर्धवट जाळलेली काळी राख यापेक्षा काहीशी अधिक भरते, तरीही ती रोपवाटिकेच्या निम्म्या भागालाही पुरणार नाही. म्हणजेच 'तुसाची राख हा राबाला संपूर्ण पर्याय आहे' असे विधान या प्रदेशाच्या उत्पादनाशी जुळत नाही. राखेच्या जोडीला कंपोस्ट किंवा बायोगॅसची मळी वापरणे भाग आहे. त्याचबरोबर तुसाचा एकही किलो साखळीबाहेर जाणार नाही, याची दक्षता घ्यावी लागते. हे तूस कोठे जाते, याचे उत्तर गिरणीच्या कडीवर मिळते.

५. दुसरी कडी : खाचर

५.१ खत. चिखलणी केलेल्या, पाणी साठलेल्या खाचरात युरिया फेकून दिला असता त्यातील सुमारे ३० ते ४० टक्केच नत्र पिकाला मिळते. उरलेला अमोनियाच्या रूपाने हवेत जातो किंवा पाण्याबरोबर वाहून जातो. मावळात मुसळधार पावसाने बांधावरून पाणी ओसंडते, तेव्हा ही हानी आणखी वाढते. चारसूत्रीचे तिसरे सूत्र नियंत्रित लावणीचे आणि चौथे युरिया–डीएपी ब्रिकेटचे आहे. दोरीच्या साहाय्याने १५ व २५ सेंटिमीटर अशी आलटूनपालटून अंतरे ठेवून रोपे लावली जातात. चार चुडांच्या प्रत्येक चौकोनाच्या मध्यभागी २.७ ग्रॅम वजनाची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचली जाते. हेक्टरी ६२,५०० गोळ्या, म्हणजे सुमारे १७० किलो खत पुरते. खोल मातीत प्राणवायू नसल्याने नत्र अमोनियमच्या रूपात टिकून राहतो आणि मुळांना हळूहळू मिळतो. खताची बचत, उत्पादनवाढ आणि खालच्या जलाशयांचे संरक्षण असे तिहेरी कार्य ही एक गोळी करते.

५.२ मिथेन. पाण्याखालील मातीत प्राणवायूच्या अभावी सेंद्रिय पदार्थ कुजताना मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या कालावधीत मिथेनची तापमानवाढ-क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट धरली जाते. जलवायू बदलविषयक आंतरसरकारी मंडळाच्या २०१९ च्या सुधारित मार्गदर्शिकेत दक्षिण आशियासाठी सतत पाणी साठलेल्या भाताचा गुणक हेक्टरी दररोज ०.८५ किलो मिथेन आणि पिकाचा काळ ११२ दिवस दिलेला आहे. पर्जन्याधारित खाचरांसाठी ०.५४ आणि लावणीपूर्वी १८० दिवसांहून अधिक काळ कोरड्या राहणाऱ्या शेतासाठी ०.८९ असे घटवणारे गुणक आहेत. भोर–वेल्ह्यातील एकपिकी खाचरांना हे दोन्ही गुणक लागू पडतात. हिशेब असा होतो :

०.८५ × ०.५४ × ०.८९ × ११२ = सुमारे ४६ किलो मिथेन दर हेक्टरी, म्हणजेच सुमारे १,२३५ किलो कार्बन डायऑक्साइडच्या तुल्य.

हेक्टरी ३ टन भातातून सुमारे २ टन तांदूळ मिळतो असे धरल्यास एक किलो तांदळामागे खाचरातील मिथेनचा भार ६०० ग्रॅमच्या थोडा वर जातो. या आकड्याचा उपयोग पुढे तुलनेसाठी करू.

मिथेन कमी करण्यासाठी जगात सर्वाधिक शिफारस होते ती आलटूनपालटून पाणी देणे व सुकवणे या पद्धतीची. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने तिचा प्रसार केला आहे. परंतु ही पद्धत जेथे पाणी शेतकऱ्याच्या हाती असते, तेथेच यशस्वी होते. मावळात आषाढ–श्रावणात पाऊस थांबत नाही, आणि वरच्या खाचरातून सोडलेले पाणी खालच्या खाचरात उतरते. एकट्या शेतकऱ्याने आपले खाचर सुकवायचे ठरवले, तरी वरच्या शेजाऱ्याच्या संमतीवाचून ते शक्य होत नाही. पावसाची उघडीप मिळते तेव्हा एखाद्या ओघळीवरील सर्व खाचरांचे पाणी एकत्र ठरवून काढणे, एवढेच येथे व्यवहार्य दिसते. बाहेरचे तंत्रज्ञान स्थानिक भूरचनेशी ताडून न पाहता स्वीकारू नये, याचे हे बोलके उदाहरण आहे.

५.३ सेंद्रिय पदार्थांचा प्रश्न. चारसूत्रीच्या दुसऱ्या सूत्रानुसार बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा हेक्टरी सुमारे ३ टन ओला पाला चिखलणीच्या वेळी गाडला जातो. यातून नत्र व पालाश मिळते, जमिनीचा पोत सुधारतो आणि जंगलातील टहाळ्यांवरील भार हलका होतो. तथापि ताजा पाला पाण्याखाली कुजताना मिथेन वाढतो, ही वस्तुस्थिती नाकारता येत नाही. उपरोक्त मार्गदर्शिकेच्या सूत्रानुसार ३ टन हिरवळीच्या खतामुळे मिथेन सुमारे १.६५ पट होतो, तर तितक्याच वजनाच्या कंपोस्टमुळे तो सुमारे १.२८ पट होतो. पेंढ्याच्या बाबतीतही काळाचे महत्त्व दिसते. हेक्टरी २ टन पेंढा पिकापूर्वी ३० दिवसांच्या आत गाडल्यास मिथेन जवळजवळ दुप्पट होतो. तोच पेंढा त्याहून बराच आधी गाडल्यास वाढ सुमारे २० टक्क्यांवर राहते.

यावरून सेंद्रिय पदार्थ टाळावेत, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. जमिनीत साठणारा कर्ब आणि वाचणारा युरिया या हिशेबात धरलेला नाही. निष्कर्ष एवढाच, की पाला व पेंढा शक्य तितका आधी कुजवून शेतात जावा. मावळात पेंढा प्रामुख्याने जनावरांची वैरण आहे. वैरणीतून शेण, शेणातून बायोगॅस आणि त्याची मळी शेतात, हा मार्ग या दृष्टीने सर्वांत सुसंगत ठरतो. २ घनमीटर क्षमतेच्या दीनबंधू संयंत्रास रोज सुमारे ५० किलो शेण लागते. चार–पाच जनावरे असलेल्या कुटुंबाला ते झेपते. त्यातून सरपणाची गरज घटते आणि राबात जळणारे शेण वाचते.

६. तिसरी कडी : गिरण

पुरवठा साखळीच्या चर्चेत भाताच्या गिरणीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक या साखळीतील सर्वांत मोठी हरित संधी येथेच आहे.

गावोगावी पूर्वीपासून चालत आलेला पोलादी हलर एकाच पेटीत भाताचे तूस काढतो आणि तांदूळ पॉलिश करतो. त्यात दाणा घासला जाऊन कणी अधिक पडते. शिवाय तूस व कोंडा यांची एकत्र भुकटी होते. ती धड उत्तम पशुखाद्य नसते आणि तिची राखही करता येत नाही. रबरी रुळांच्या यंत्रात तूस प्रथम अलग होते, नंतर पॉलिशरमध्ये कोंडा वेगळा निघतो. तांदळाचा उतारा वाढतो, शिवाय तूस आणि कोंडा हे दोन शुद्ध उपपदार्थ हाती येतात.

समजा हलरमध्ये उतारा ६२ टक्के आणि रबरी रुळांवर ६७ टक्के मिळाला. शेत तेच, पाऊस तोच, मिथेनही तितकाच. पहिल्या गिरणीत ३ टन भाताचा १,८६० किलो तांदूळ होतो आणि एका किलोमागे मिथेनचा भार ६६४ ग्रॅम पडतो. दुसऱ्या गिरणीत २,०१० किलो तांदूळ होतो आणि भार ६१४ ग्रॅमवर येतो. केवळ यंत्र बदलल्याने किलोमागे ५० ग्रॅम वाचतात व शेतकऱ्याला हेक्टरी दीड क्विंटल तांदूळ अधिक मिळतो. पॉलिश कमी केल्यास उतारा आणखी वाढतो. ग्राहकाने किंचित कमी शुभ्र तांदूळ स्वीकारणे हीदेखील हरित सुधारणा आहे आणि तिला यंत्राचीही गरज नाही.

गिरण कोठे आहे, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. भात जर शहराजवळच्या मोठ्या गिरणीत गेले, तर त्याबरोबर तूसही जाते आणि ते पुन्हा गावी येत नाही. प्रत्येक टन भाताबरोबर सुमारे २०० किलो तूस विनाकारण वाहून नेले जाते, ते वेगळेच. गिरण गावाजवळ असेल, तर रोपवाटिकेला राख, जनावरांना कोंडा आणि बाजाराला तांदूळ अशी वाटणी जागच्या जागी होते. चौथ्या विभागात उपस्थित केलेल्या 'तूस कोठे जाते' या प्रश्नाचे उत्तर असे गिरणीच्या प्रकारावर आणि तिच्या स्थानावर अवलंबून आहे.

७. चौथी कडी : वाहतूक, साठवण आणि विक्री

एक टन तांदूळ घेऊन छोटा टेम्पो भोरहून पुण्यास गेला आणि रिकामा परतला, तर सुमारे १०० किलोमीटरचा प्रवास होतो. लिटरला १० किलोमीटर धरल्यास १० लिटर डिझेल जळते. एक लिटर डिझेलमधून सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे एक किलो तांदळामागे वाहतुकीचा भार सुमारे २७ ग्रॅम होतो. तांदळाऐवजी भात वाहून नेल्यास तोच भार ४० ग्रॅम होतो.

साठवण आणि वेष्टन यांविषयी विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही. नीट वाळवलेला तांदूळ हवाबंद पिशवीत ठेवल्यास रासायनिक कीडनाशकाविना टिकतो. धुऊन पुन्हा वापरता येणारी कापडी किंवा गोणपाटाची पिशवी थेट विक्रीत सहज शक्य आहे.

८. कड्यांची तुलना

एक किलो तांदळामागील भार आणि सुधारणेचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या तुल्य ग्रॅममध्ये मांडल्यास पुढील चित्र दिसते :

– खाचरातील मिथेन (६७ टक्के उतारा) : सुमारे ६१४
– ताजा हिरवा पाला गाडल्यास त्यात होणारी वाढ : सुमारे ४००
– तितक्याच वजनाचे कंपोस्ट घातल्यास होणारी वाढ : सुमारे १७०
– हलरऐवजी रबरी रुळांची गिरण वापरल्यास होणारी बचत : सुमारे ५०
– पुण्यापर्यंतची संपूर्ण वाहतूक : सुमारे २७

हे आकडे ढोबळ आहेत आणि शेतागणिक बदलतील. परंतु त्यांचा क्रम लक्षणीय आहे. संपूर्ण वाहतूक जरी विजेवर चालणाऱ्या वाहनांनी केली, तरी गिरणीतील सुधारणेच्या निम्म्याहून फार अधिक साधणार नाही. तरीही विजेवरील वाहन व आकर्षक कागदी वेष्टन ग्राहकाच्या डोळ्यांना दिसतात, म्हणून जाहिरातीत तीच झळकतात. चिखलात सात सेंटिमीटर खोल खोचलेली गोळी कोणाला दिसत नाही. हरित दाव्यांची परीक्षा करताना दृश्य आणि परिणामकारक यांतील हे अंतर सतत ध्यानात ठेवले पाहिजे.

९. खर्च कोणाचा, लाभ कोणाचा

वरील विवेचनावरून मूळ प्रश्न आर्थिक असल्याचे स्पष्ट होते. दोरीने लावणी करायला आणि गोळ्या खोचायला मजुरी लागते. तरुण मंडळी पुणे, शिरवळ परिसरातील रोजगाराकडे वळल्याने लावणीच्या ऐन दिवसांत माणसे मिळणे कठीण झाले आहे. पाला कुजवायला वेळ आणि जागा हवी, गिरण बदलायला भांडवल हवे. हा सर्व खर्च साखळीच्या आरंभी पडतो. लाभ मात्र विखुरलेला आहे. स्वच्छ पाणी शहराला व खालच्या खोऱ्याला मिळते, घटलेले उत्सर्जन साऱ्या जगाचे असते आणि 'हरित' नावाची प्रतिष्ठा विक्रेत्याला मिळते.

शासकीय दर हा भेद ओळखत नाही. २०२५-२६ च्या खरिपासाठी साधारण भाताची किमान आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये ठरवण्यात आली. भात राब भाजून घेतले की राखेच्या वाफ्यावर, याचा त्या दराशी संबंध नाही. कार्बन क्रेडिट हा मार्ग सुचवला जातो, पण त्याचाही हिशेब पाहावा. हेक्टरी सव्वा टन भारापैकी एक-तृतीयांश कमी झाला असे मानले, तरी एकरभर खाचराच्या शेतकऱ्याच्या वाट्याला वर्षाला टनाचा सहावा हिस्सा येतो. त्याच्या मोजणीचा व तपासणीचा खर्चच मिळकतीपेक्षा अधिक होण्याची शक्यता आहे.

त्यामुळे उरतो तो मार्ग म्हणजे लहान साखळीचा लाभ घेणे. येथे ग्राहक आणि शेतकरी यांच्यात एका दिवसाच्या जाण्यायेण्याचे अंतर आहे. कंपनी कायद्याच्या २००२ मधील दुरुस्तीने शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीची तरतूद झाली. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग उन्नयन योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, अनुदानाची तरतूद करण्यात आली. अशा तरतुदींचा आधार घेऊन खोऱ्यातील गटाने स्वतःची रबरी रुळांची गिरण चालवल्यास कणीतील घट, तुसाची राख, कोंड्याची किंमत आणि वाणाची शुद्धता हे चारही लाभ गावातच राहतात. 'इंद्रायणी' या नावाने भेसळीचा माल विकला जाण्यास आळा घालण्यासही गटाची गिरण व तिची नोंदवही उपयोगी पडते. जगात याच दिशेने प्रयत्न झाले आहेत. २०११ मध्ये स्थापन झालेल्या सस्टेनेबल राइस प्लॅटफॉर्म या व्यासपीठाने २०१५ मध्ये शाश्वत भातशेतीचे प्रमाणक तयार केले. त्यातील निकष आपल्या खोऱ्यांना जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत, परंतु शेतापासून मोजणी सुरू करण्याची त्याची दृष्टी निश्चितच अनुकरणीय आहे.

१०. महाविद्यालयांची भूमिका

या कामी ग्रामीण भागातील महाविद्यालयांना मोठा वाव आहे. वनस्पतिशास्त्र आणि रसायनशास्त्र विभागांनी राखेच्या व राबाच्या वाफ्यांतील रोपांची तुलना करावी. भूगोल विभागाने ओघळीनिहाय खाचरांचे नकाशे करावेत, म्हणजे पाणी एकत्र काढण्याचे नियोजन शक्य होईल. वाणिज्य विभागाच्या विद्यार्थ्यांनी गिरणीगणिक उतारा, कणी व तुसाची विल्हेवाट यांच्या नोंदी घ्याव्यात आणि ग्राहकाच्या एका रुपयातील किती पैसे शेतकऱ्यापर्यंत पोहोचतात, ते तपासावे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत बांधावर गिरिपुष्प लावणे आणि पाला कुजवण्याचे खड्डे तयार करणे ही कामे घेता येतील. प्रस्तुत लेखातील सरासरी गुणकांची जागा स्थानिक मोजमापांनी घेतली पाहिजे. हे काम दूरच्या संस्थेपेक्षा जवळच्या महाविद्यालयाला अधिक सुलभ आहे.

११. समारोप

भोर–वेल्ह्यातील तांदळाची साखळी लहान आहे, पण तिच्यातून मिळणारा बोध व्यापक आहे. पहिला बोध हा, की शाश्वतता साखळीच्या ज्या कडीवर ठरते, त्याच कडीवर तंत्रज्ञान आणि पैसा पोहोचला पाहिजे. दुसरा हा, की कोणतेही तंत्रज्ञान केवळ नावाने हरित ठरत नाही. हिरवा पाला, तुसाची राख आणि खाचर सुकवणे या तिन्ही उपायांना स्थळकाळाची मर्यादा आहे आणि ती मोजूनच कळते. तिसरा हा, की साखळी जितकी गावाजवळ पूर्ण होईल, तितके तिचे अवशेष पुन्हा मातीत परततील.

मावळच्या शेतकऱ्याने राब भाजला, तो त्याच्याजवळ दुसरा परवडणारा मार्ग नव्हता म्हणून. आज मार्ग उपलब्ध आहेत, परंतु त्यांची किंमत त्याने एकट्याने मोजावी अशी अपेक्षा बाळगणे न्याय्य नाही आणि व्यवहार्यही नाही. पुण्याच्या घरात शिजणाऱ्या सुवासिक भाताच्या दरात राखेच्या वाफ्याचा, खोल खोचलेल्या गोळीचा आणि खाली स्वच्छ उतरणाऱ्या पाण्याचा वाटा जेव्हा मोजला जाईल, तेव्हाच ही साखळी खऱ्या अर्थाने शाश्वत झाली असे म्हणता येईल.